पैसे मोजले, पुस्तक उघडेना

स. न. वि. वि.

मी साताऱ्यात एका अनुदानित महाविद्यालयात इतिहास शिकवते. पीएचडीसाठी गेल्या काही वर्षांत एका परदेशी संकेतस्थळावरून बरीच इंग्रजी ई-पुस्तकं घेतली. एकेकाची किंमत दोन-अडीच हजारांच्या घरात. जुन्या लॅपटॉपवर 'ॲडोबी डिजिटल एडिशन्स' या ई-पुस्तकं वाचायच्या प्रोग्रॅममध्ये ती वाचत होते, कधी अडचण आली नाही. दिवाळीत लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला. दुरुस्तीवाल्याने हार्डडिस्क काढून दिली. तिच्यावरून फाइली नव्या लॅपटॉपवर घेतल्या तर पुस्तकं उघडत नाहीत. ती दुसऱ्या वापरकर्त्याच्या नावावर आहेत, असा संदेश येतो. नवा लॅपटॉप माझ्या यजमानांनी सुरू करून दिला आहे. दुकानाच्या खात्यातून पुन्हा डाउनलोड केलं तर एक चिमुकली एसीएसएम फाइल उतरते आणि 'ऑलरेडी फुलफिल्ड बाय अनदर यूजर' असं झळकतं. ती फाइल व्हॉट्सॲपने फोनवर घेतली, तिथेही उघडत नाही. यजमानांच्या किंडलवरही नाही. यातलं एकच पुस्तक मात्र कुठेही उघडतं, ते का, तेही कळत नाही. मुलगा म्हणतो, कुलूप तोडायची साधनं इंटरनेटवर मिळतात. मला ते चोरीसारखं वाटतं. मार्चमध्ये प्रबंधाचा मसुदा द्यायचा आहे. पुस्तकं पुन्हा विकत घेऊ का?

— एक प्राध्यापिका, सातारा

नमस्कार,

पुन्हा विकत घेऊ नका. एकही नाही. आणि ती जुनी हार्डडिस्क पुसायला किंवा कुणाला वापरायला देऊ नका. तुम्ही जे लिहिलं आहे त्यावरून मला वाटतं की तुमची बहुतेक पुस्तकं परत वाचता येतील, आणि तीही मार्चच्या आधी.

अडचण पुस्तकांच्या फाइलींत नाही, त्या शाबूत आहेत. या प्रकारच्या पुस्तकाला नक्कल रोखण्यासाठी एक डिजिटल कुलूप असतं, आणि ते एका ओळखीला बांधलेलं असतं. ती ओळख म्हणजे ॲडोबी आयडी, एक ईमेल पत्ता आणि त्याचा पासवर्ड. पुस्तक पहिल्यांदा उतरवताना संगणक ज्या आयडीने अधिकृत केलेला असतो, त्याच आयडीच्या नावावर ते पुस्तक चढतं. पैसे कुणाच्या कार्डावरून गेले, दुकानात खातं कुणाचं आहे, याच्याशी त्या कुलपाला देणंघेणं नसतं. नवा लॅपटॉप यजमानांनी सुरू करून दिला, हे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. नव्या यंत्रावर एडिशन्स बहुधा त्यांच्या ईमेलने अधिकृत झालं असेल, किंवा कुठलाच आयडी न देता. दोन्ही बाबतींत तुमची जुनी पुस्तकं त्याला परक्याची वाटणार.

म्हणून आता लॅपटॉपवर आणखी खटपट करण्याआधी एक गोष्ट आठवा. जुन्या लॅपटॉपवर एडिशन्स पहिल्यांदा उघडलं तेव्हा एक खिडकी आली असेल. तिच्यात ईमेल आणि पासवर्डच्या जागा होत्या, आणि खाली एक छोटी चौकट होती, आयडीशिवाय संगणक अधिकृत करायचा असल्यास खूण करा, अशा अर्थाची. तुम्ही ईमेल भरला होता, की घाईत त्या चौकटीवर खूण करून पुढे गेला होतात? आठवत नसेल तर तुमच्या सगळ्या ईमेल खात्यांत, कॉलेजच्या खात्यातसुद्धा, 'ॲडोबी' हा शब्द शोधा. आयडी काढला असेल तर खात्याची पडताळणी करा असं सांगणारं जुनं ईमेल कुठेतरी सापडेल.

सापडलं तर काम सोपं आहे. पासवर्ड विसरला असाल तर त्याच ईमेलवरून नवा करून घ्या. मग नव्या लॅपटॉपवर एडिशन्समध्ये 'हेल्प'च्या यादीत अधिकृतता पुसण्याचा पर्याय असतो, विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि डी एकदम दाबूनही तो येतो. आधीची ओळख पुसा, त्याच यादीतून पुन्हा अधिकृत करा, आणि या वेळी तुमचा जुना आयडी द्या. त्यानंतर हार्डडिस्कवरच्या 'माय डिजिटल एडिशन्स' या फोल्डरमधल्या ईपब (ई-पुस्तकांचा एक फाइल-प्रकार) आणि पीडीएफ फाइली ओढून एडिशन्सच्या खिडकीत टाका. त्या उघडायला हव्यात. दुकानातून काही नव्याने उतरवण्याची गरजच पडू नये, कारण एकाच आयडीने अधिकृत केलेल्या कुठल्याही संगणकावर ती फाइल चालते.

पण थांबा, यजमानांची स्वतःची पुस्तकं त्याच लॅपटॉपवर असतील तर त्यांची ओळख पुसू नका, नाहीतर आज तुमची बंद आहेत तशी उद्या त्यांची बंद पडतील. त्याऐवजी विंडोजमध्ये तुमच्या नावाचं वेगळं वापरकर्ता खातं काढा. एडिशन्सची अधिकृतता विंडोजच्या प्रत्येक खात्याला स्वतंत्र असते. ते त्यांच्या खात्यात त्यांच्या आयडीने वाचतील, तुम्ही तुमच्या. एकच लॅपटॉप तिघं-चौघं वापरतात अशा घरांत हा उपाय मी नेहमी सांगते, कारण 'काल उघडत होतं, आज उघडत नाही' या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच असतं की मधल्या काळात कुणीतरी आपल्या आयडीने शिरलेलं असतं.

एका आयडीवर सहा संगणक आणि सहा इतर उपकरणं अधिकृत करता येतात. बंद पडलेला लॅपटॉपही त्यात मोजलेलाच राहतो, कारण अधिकृतता त्याच यंत्रावर बसून पुसावी लागते, आणि ते यंत्र तर सुरूच होत नाही. तुमची सहाची मर्यादा संपली असण्याची शक्यता कमी आहे. पण 'टू मेनी ॲक्टिव्हेशन्स' असा संदेश आलाच तर ॲडोबीच्या मदत विभागाला सांगून ती मोजणी नव्याने सुरू करून घ्यावी लागेल.

आता दुसरी शक्यता. चौकटीवर खूण केली होती आणि आयडी कधी काढलाच नव्हता, असं निघालं तर मामला अवघड होतो. तेव्हा पुस्तकं तुमच्या नव्हे, त्या यंत्राच्याच नावावर चढली. यंत्राची ती ओळख त्या संगणकाच्या भागांवरून तयार झालेली असते, त्यामुळे जुनी हार्डडिस्क दुसऱ्या लॅपटॉपमध्ये बसवून उपयोग नाही. दुरुस्तीवाला 'करून देतो' म्हणेल, त्याला पैसे देऊ नका. इथे एकच दार उरतं, ते दुकानाचं.

दुकानाला हे करता येतं. ज्याने पुस्तक विकलं त्याला त्या खरेदीचं डाउनलोड मोकळं करून पुन्हा एकदा उतरवू देता येतं, आणि संगणक बिघडल्याचं कळवलं की बरीच दुकानं ते करतात. त्यांना तुमच्या नोंदवलेल्या ईमेलवरूनच लिहा. प्रत्येक पुस्तकाचं नाव आणि त्याचा ऑर्डर क्रमांक द्या. जुना संगणक कायमचा बंद पडला आहे हे सांगा, पडद्यावरच्या संदेशाचं छायाचित्र जोडा, आणि नेमकं काय हवं ते एका वाक्यात मागा, म्हणजे या खरेद्यांचा परवाना नव्याने खुला करून द्या. नवा ॲडोबी आयडी मात्र त्याआधी काढून ठेवा आणि लॅपटॉप त्यानेच अधिकृत करा. नाहीतर मोकळी करून मिळालेली पुस्तकं पुन्हा निनावी यंत्रावर किंवा यजमानांच्या नावावर चढतील, आणि दुसऱ्यांदा विनंती करणं जड जाईल.

दुकानाने टाळाटाळ केली तर गप्प बसू नका. भारतातल्या ग्राहकांना सातत्याने माल किंवा सेवा विकणाऱ्या परदेशी ऑनलाइन दुकानांनाही आपले 2020 चे ई-कॉमर्सबाबतचे ग्राहक संरक्षण नियम लागू आहेत. तक्रारीची पोच 48 तासांत द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची, असं ते नियम सांगतात. पत्रात या नियमांचा सभ्य शब्दांत उल्लेख करा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 या क्रमांकावर आहे. हजारो रुपयांची पुस्तकं बंद पडली आहेत ही किरकोळ बाब नाही, आणि तुम्हीही ती तशी धरू नये.

ती चिमुकली एसीएसएम फाइल म्हणजे पुस्तक नव्हे. गोदामातून माल सोडवून घ्यायची पावती जशी, तशी ती. तिच्यात पुस्तकाचा मजकूर नसतो, माल कुठून आणि कोणत्या व्यवहारावर उचलायचा एवढंच लिहिलेलं असतं. अधिकृत केलेल्या ॲपने ती उघडली की खरं पुस्तक उतरतं, आणि पहिल्यांदा ती ज्याने वटवली त्याच्याच नावावर व्यवहार बंद होतो. या पावतीला मुदतही असते. 'रिक्वेस्ट एक्स्पायर्ड' असा संदेश आला तर जुनी एसीएसएम टाकून द्या, दुकानाच्या खात्यातून ताजी घ्या, आणि लॅपटॉपची तारीख-वेळ बरोबर आहे ना ते बघा. घड्याळ चुकलेल्या संगणकावरही हाच संदेश येतो.

फोनवर ती का उघडली नाही ते आता लक्षात आलं असेल. व्हॉट्सॲपने पावती पोचली, पण ती वटवणारं ॲप फोनवर नव्हतं. पॉकेटबुक रीडर हे ॲप अँड्रॉइडवर आणि आयफोनवर मिळतं आणि त्यात ॲडोबी आयडी टाकता येतो. लॅपटॉपवरच्याच आयडीने शिरलात तर तीच पुस्तकं फोनवर वाचता येतील. आधी लॅपटॉपचं मार्गी लावा, मगच फोनला हात लावा.

किंडलचा नाद सोडा. त्यावर ॲमेझॉनचं स्वतःचं कुलूप चालतं, ॲडोबीचं नाही, आणि कितीही वेळा ईमेलने पाठवलंत तरी ते होणार नाही. 2022 पासून किंडलकडे ईपब फाइल पाठवता येते हे खरं, पण कुलूप नसलेली. वाचनयंत्र घ्यायचा विचार असेल तर कोबो किंवा पॉकेटबुकसारखी यंत्रं ॲडोबीची पुस्तकं घेतात. कोबोला ती यूएसबीच्या तारेने, एडिशन्समधून द्यावी लागतात. विभागात कुणी उबुंटू ही लिनक्स प्रणाली वापरत असेल तर त्यांनाही सांगून ठेवा की संगणकांपुरतं एडिशन्स फक्त विंडोज आणि मॅकसाठी निघतं, लिनक्ससाठी नाही.

सगळीकडे उघडणाऱ्या त्या एका पुस्तकावर कुलूप नसणार. काही प्रकाशक कुलूप लावत नाहीत, फार तर पानाच्या तळाशी ग्राहकाचं नाव किंवा ऑर्डर क्रमांक छापतात. त्याची पानं नीट पाहा, तुमचं नाव कदाचित तिथे असेल. मला ही पद्धत मनापासून पटते. फाइल सगळीकडे पसरवली तर ती कुणाकडून गेली ते कळेल एवढा धाक पुरेसा असतो, आणि प्रामाणिक वाचकाला लॅपटॉप बदलताना कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही. तो प्रकाशक कोण आहे ते लिहून ठेवा. पुढच्या वेळी दोन पुस्तकांतून एक निवडायची वेळ आली तर त्याचं निवडा.

आता मुलाने सुचवलेल्या मार्गाबद्दल. तुम्हाला ते चोरीसारखं वाटलं, यावर मला थोडं सविस्तर बोलायचं आहे. स्वतः पैसे देऊन घेतलेलं पुस्तक स्वतःच्या लॅपटॉपवर वाचावंसं वाटणं ही चोरी नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली 65ए हे कलम आलं. हक्कभंग करण्याच्या हेतूने असं तांत्रिक कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, असं ते सांगतं. हेतू हा शब्द तिथे महत्त्वाचा आहे, आणि कायद्याने स्पष्ट मनाई न केलेल्या कारणासाठी केलेल्या कृतीला त्यातच सूट आहे. खाजगी वापर आणि संशोधन यांसाठीच्या रास्त वापराला हाच कायदा जागा देतो. अमेरिकेचा 1998 चा कायदा याहून कितीतरी कडक आहे. मात्र आपल्या 65ए मध्ये आणखी एक अट आहे. दुसऱ्यासाठी कुलूप तोडून देणाऱ्याने त्या व्यक्तीचं नाव, पत्ता आणि कारण यांची नोंद ठेवायची असते. म्हणजे मुलगा सहज म्हणून जे करू पाहतो, ते कायद्याच्या लेखी तितकं सहज नाही. शिवाय खरेदी करताना तुम्ही दुकानाच्या अटी मान्य केलेल्या असतात, त्यांत कुलपाला हात लावू नये असं सर्रास लिहिलेलं असतं.

म्हणून माझा सल्ला असा की ते करू नका, निदान सरळ रस्ता शिल्लक आहे तोवर तरी नाही, आणि तुमच्यापुढे तो आहे. त्याहून मोठी भीती मला त्या साधनांच्या संकेतस्थळांची वाटते. 'एका क्लिकमध्ये कुलूप काढा' म्हणणारी, कुणी बनवली ते न सांगणारी प्रोग्रॅम फाइल, आणि तिला तुमचा ॲडोबी पासवर्ड हवा असतो. प्रबंधाचा मसुदा ज्या लॅपटॉपवर आहे त्याच लॅपटॉपवर ती चालवणार का? आणि एकदा मोकळी झालेली फाइल विभागातल्या सहकाऱ्याला, मग त्यांच्या विद्यार्थ्याला जाणार, हे आपल्याला चांगलं माहीत आहे. तिथे मात्र हक्कभंग सुरू होतो, आणि त्या पुस्तकामागे कुणा अभ्यासकाची कित्येक वर्षं असतात.

तरीही मला तुमच्या बाजूने रागच येतो, आणि तो मला लपवायचा नाही. ज्याने फुकटची पीडीएफ उतरवली त्याला कुठलंच कुलूप भेटत नाही. ज्याने पैसे मोजले त्यालाच दर नव्या यंत्रावर आपण चोर नसल्याचं सिद्ध करावं लागतं. 'बाय' असं लिहिलेलं बटण दाबून आपल्या हाती पुस्तक येत नाही, वाचण्याचा परवाना येतो, आणि परवाना देणारा नाहीसा झाला की तोही जातो. 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं. जुलैपासून विकलेली पुस्तकं उघडेनाशी झाली. पैसे पूर्ण परत दिले हे मान्य, ज्यांनी पुस्तकांत टिपणं केली होती त्यांना 25 डॉलर जास्तीचेही दिले, पण पुस्तकं गेली ती गेलीच. त्याआधी 2009 च्या जुलैमध्ये ॲमेझॉनने एका गाजलेल्या इंग्रजी कादंबरीच्या विकलेल्या प्रती ग्राहकांच्या किंडलवरून दुरूनच पुसून टाकल्या होत्या, कारण विकणाऱ्याकडे हक्क नव्हते. विकत घेतलेलं किंडल पुस्तक संगणकावर उतरवून यूएसबीने नेण्याची सोयही 26 फेब्रुवारी 2025 पासून काढून घेतली आहे. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून दुकानांना स्पष्ट सांगावं लागतं की तुम्ही विकत घेत नाही आहात, परवाना घेत आहात. तसा कायदा इथेही व्हावा, असं मला वाटतं. पैसे देण्यापूर्वी एवढं कळण्याचा वाचकाला हक्क आहे.

तुमच्या टिपणांची मला पुस्तकांहून जास्त काळजी वाटते. एडिशन्समध्ये केलेल्या खुणा आणि टिपणं पुस्तकाच्या फाइलीत राहत नाहीत, वेगळी साठवली जातात. म्हणून हार्डडिस्कवरचा तो फोल्डर पोटातल्या सगळ्या उपफोल्डरांसकट उचला, निवडक पुस्तकं नव्हे. तरी ती टिपणं नव्या यंत्रावर जशीच्या तशी दिसतीलच यावर विसंबू नका. पुस्तकं उघडली की पहिल्याच बैठकीत महत्त्वाची अवतरणं, पान क्रमांक आणि तुमचे शेरे एका साध्या दस्तऐवजात उतरवून घ्या. कुठलंही ॲप बंद पडलं तरी ते तुमच्याकडे राहील. ईपबमध्ये छापील पान क्रमांक नसतील तर प्रकरण आणि परिच्छेद लिहून ठेवा, नाहीतर संदर्भ देताना हैराण व्हाल.

पुढच्या खरेदीला एकच पथ्य पाळा. पुस्तकाच्या पानावर बारीक अक्षरांत ॲडोबी, डीआरएम (म्हणजे हेच कुलूप) किंवा वॉटरमार्क (म्हणजे पानावर छापलेली ग्राहकाची खूण) यांपैकी काय लिहिलं आहे ते पैसे भरण्याआधी वाचा. काहीच लिहिलेलं नसेल तर दुकानाला ईमेल करून विचारा, उत्तर आलं तरच घ्या. मराठी पुस्तकांची तर तऱ्हाच वेगळी, ती पुष्कळदा दुकानाच्या ॲपमध्येच वाचायची असतात, त्यामुळे तिथेही किती यंत्रांवर चालेल ते आधी विचारा. इतिहासासाठी लागणारं पुष्कळसं साहित्य आपल्याकडे कुलपाविना आणि फुकट आहे, हे तुम्हाला ठाऊक असेलच. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात आहेत, मराठी विश्वकोश आणि गॅझेटिअरही आहेत.

आणि दुकानाचं उत्तर येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. तुमचं महाविद्यालय अनुदानित आहे, तेव्हा उद्याच ग्रंथपालांना भेटा आणि आपण एन-लिस्टचे सदस्य आहोत का ते विचारा. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र ही योजना चालवतं आणि महाविद्यालयीन अध्यापकांना तिच्यातून परदेशी विद्यापीठ प्रकाशनांची ई-पुस्तकं ब्राउझरमध्येच वाचता येतात. तुमच्या यादीतली एक-दोन तिथे सापडली तर तेवढी प्रकरणं तरी पुढे सरकतील. सदस्यत्व असूनही तुमच्या नावाचा लॉगिन काढलेला नसेल, तर ते काम ग्रंथपालांकडूनच होतं. त्यांना शैक्षणिक वर्षाच्या अखेरीच्या गर्दीआधी गाठा.